हाड जुळले, पण हात चालेना

एका गावात तात्या म्हणून एक शेतकरी होते. ही गोष्ट कुणा एका तात्यांची नाही. असे तात्या गावोगाव असतात. म्हणून आम्ही त्यांचे गाव सांगत नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. बांध निसरडा झाला होता. डोक्यावर गवताचा भारा घेऊन तात्या बांधावरून येत होते. पाय घसरला. पडताना माणूस आपोआप हात पुढे टेकतो. तात्यांनीही उजवा हात टेकला. सगळ्या अंगाचा भार त्या एका तळहातावर आला. मनगटात काडकन आवाज झाला. मनगट वाकडे दिसू लागले.

मुलाने त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तिथे एक्स-रे काढला. मनगटाजवळचे हाड मोडले होते. डॉक्टरांनी हाड जागेवर बसवले आणि प्लास्टर घातले. ते म्हणाले, "तात्या, हे प्लास्टर सहा आठवडे राहील. पण बोटं, कोपर आणि खांदा रोज हलवत राहा."

तात्यांनी पहिले वाक्य ऐकले. दुसरे सोडून दिले. त्यांना वाटले, हात हलवला तर हाड सरकेल. त्यांनी हात गळ्यातल्या झोळीत अडकवला. जेवण डाव्या हाताने. झोपताना हात छातीशी. सहा आठवडे त्यांनी बोटसुद्धा हलवले नाही.

प्लास्टर कापले तेव्हा तात्या घाबरले. हात वाळलेल्या काटकीसारखा झाला होता. मूठ मिटेना. मनगट वळेना. खांदा वर जाईना. डोक्याला पटका बांधता येईना. घरी येऊन ते गोठ्यात गेले. म्हशीच्या सडाला हात लावला. पण बोटांत जोरच नव्हता. दुधाची धार लागेना.

दोन म्हशींच्या दुधावर घर चालत होते. मुलगा म्हणाला, "तात्या, एक म्हैस विकून टाकू."

तात्या पुन्हा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहिला. ते म्हणाले, "हाड छान जुळलंय."

तात्या म्हणाले, "हाड जुळलं म्हणता, मग हात का चालत नाही?"

प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर आपण नीट समजून घेऊ.

हाड कसे जुळते?

हाड दगडासारखे दिसते, पण ते जिवंत असते. त्यात रक्त खेळते. हाड मोडले की तिथे रक्त साखळते. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी एक मऊ गाठ तयार होते. ती दोन्ही टोकांना धरून ठेवते. मग त्या गाठीत चुना भरत जातो आणि ती हळूहळू टणक होते. हाताचे हाड बहुधा सहा ते आठ आठवड्यांत धरते. पायाच्या नळीला तीन-चार महिने लागतात. लहान मुलांचे हाड लवकर जुळते. जे बिडी-सिगारेट ओढतात त्यांचे उशिरा जुळते.

म्हणजे हाड जुळवतो तो निसर्ग. मग डॉक्टर काय करतात? आपण आंब्याचे कलम बांधतो ना, तसेच. दोन फांद्या नीट जुळवायच्या, हलू नयेत म्हणून बांधायच्या आणि वाट पाहायची. एकजीव होणे हे झाडाचे काम. डॉक्टरही तेच करतात. हाड सरळ लावतात आणि प्लास्टरने धरून ठेवतात. कधी हाड फारच सरकलेले असते. तेव्हा शस्त्रक्रिया करून सळई किंवा पट्टी बसवतात.

पण हात म्हणजे नुसते हाड नव्हे. हाडाला ओढणारे मांस असते. त्याला स्नायू म्हणतात. दोन हाडे मिळतात तिथे सांधा असतो. सांध्यात तेलासारखे वंगण असते. आणि हुकूम पोचवणारे मज्जातंतू असतात. यांचा नियम हाडाच्या उलटा आहे. मोडलेल्या हाडाला स्थिर ठेवावे लागते. सांध्याला आणि स्नायूला मात्र हालचाल लागते.

दाराची बिजागरी वर्षभर हलवली नाही तर ती गंजते. बैल चार महिने दावणीला बांधून ठेवला तर तो औताला दमतो. तात्यांच्या हाताचे तेच झाले. मनगट धरून ठेवणे भाग होते. पण बोटे, कोपर आणि खांदा मोकळे होते. तेही त्यांनी बांधून ठेवले. सूज उतरली नाही, बोटांत साचून राहिली. साचलेली सूज पुढे डिंकासारखी चिकट होते आणि सांधे जखडून टाकते.

तपासणी कशी झाली?

डॉक्टरांनी तात्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात फिजिओथेरपीच्या विभागात पाठवले. फिजिओथेरपी म्हणजे व्यायाम, शेक, हालचाल यांनी करायचा उपचार. याला भौतिकोपचारही म्हणतात. यात मुख्य औषध म्हणजे रोग्याची स्वतःची मेहनत.

हे शिक्षण आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर वाढले. पोलिओने लुळ्या झालेल्या मुलांसाठी त्याची फार गरज पडली. १९५५ साली मुंबईला हाजी अली येथे अपंगांच्या उपचारासाठी सरकारी संस्था निघाली. आता जिल्ह्याच्या रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत ही सोय असते.

तिथल्या ताईंनी तात्यांना बसवले. हाताला लगेच हात लावला नाही. आधी विचारले, "तात्या, तुम्ही काम काय करता? म्हशी किती? धार कोण काढतं?"

तात्या म्हणाले, "ताई, मी हात दाखवायला आलो. तुम्ही म्हशींचं काय विचारता?"

ताई हसून म्हणाल्या, "म्हशींसाठीच तर हात बरा करायचाय. तुम्हाला मूठ कशी हवी, जोर किती हवा, ते कळल्याशिवाय व्यायाम कसा सांगू?"

मग त्यांनी दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले. सूज कुठे आहे, मांस किती झडले आहे, कातडीचा रंग कसा आहे, हे पाहिले. मग हात लावून पाहिला. कुठे गरम लागते, कुठे दाबले की दुखते, हे विचारले.

नंतर त्यांनी मनगटावर एक कोनमापक धरले. शाळेतल्या कंपासपेटीत असते तसलेच, पण दोन हातांचे. काटकोन म्हणजे ९० अंश. धडधाकट मनगट मागे साधारण ७० अंश वळते. तात्यांचे मनगट २० अंशांवर अडले. ताईंनी तो आकडा लिहून ठेवला. दर आठवड्याला आकडा पाहिला की हात सुधारतो की नाही ते कळते. अंदाजाने बोलायचे कारण उरत नाही.

मग जोर मोजला. जोराच्या ० ते ५ अशा पायऱ्या असतात. स्नायू मुळीच हलत नाही, ती ० पायरी. नुसता फुरफुरतो पण अवयव हलत नाही, ती १. टेबलावर आडवा सरकवता येतो पण वर उचलता येत नाही, ती २. वर उचलता येतो, पण जरा दाबले की खाली जातो, ती ३. थोडे दाबले तरी टिकतो, ती ४. आणि पुरा जोर म्हणजे ५. तात्यांचे मनगट तिसऱ्या पायरीवर होते.

शेवटी ताईंनी तात्यांना डोळे मिटायला सांगितले. कापसाचा बोळा बोटांवरून फिरवला. "कुठं लागतंय, सांगा." तात्यांना सगळ्या बोटांवर कळत होते. ताई म्हणाल्या, "बरं झालं. मज्जातंतू शाबूत आहेत. हात गेलेला नाही, तात्या. तो आखडलाय. आता तुम्ही आणि मी मिळून त्याला सोडवायचा."

उपचार काय केला?

उपचार साधाच होता. पण तो रोज करायचा होता.

कोमट पाण्यात हात दहा मिनिटे बुडवायचा. पाणी किती गरम आहे ते आधी दुसऱ्या हाताने पाहायचे. मग एकेक बोट वाकवायचे आणि सरळ करायचे. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावायचा. तळहात आकाशाकडे, मग जमिनीकडे. मनगट मागे, मग पुढे. भिंतीवर बोटांनी चढत चढत हात वर न्यायचा. आज बोट जिथे पोचले तिथे कोळशाने खूण करायची. उद्या खुणेच्या वर जायचे.

हे दिवसातून एकदाच तासभर करायचे नाही. थोडे थोडे, पण पाच-सहा वेळा करायचे. एकाच दिवशी सगळे पाणी सोडले तर पीक कुजते. पाळीपाळीने दिले तर वाढते.

तात्यांनी विचारले, "दुखलं तर?"

ताई म्हणाल्या, "थोडं ताणल्यासारखं दुखणारच. ते तासाभरात थांबलं तर चिंता नाही. दुसऱ्या दिवशीही ठणकलं, सूज वाढली, तर आपण जास्त केलं असं समजा. मग कमी करा. पण थांबू नका. आणि हात लाल, चकचकीत झाला, घाम सुटला, कुणी स्पर्श केला तरी आग झाली, तर वाट न पाहता इकडं या."

दोन आठवड्यांनी जोराचा व्यायाम सुरू झाला. काकू भाकरी करायला बसल्या की तात्यांना पिठाचा एक गोळा देत. तात्या तो मुठीत दाबत बसत. मग ओले फडके पिळू लागले. मग पाण्याचा तांब्या उचलू लागले.

ही रीत नवी नाही. आपल्या देशातला वैद्यकाचा जुना ग्रंथ म्हणजे सुश्रुतसंहिता. त्यात हाताच्या मोडीवर सांगितले आहे की, रोग्याला आधी मातीचा गोळा धरायला द्यावा, मग मिठाचा खडा द्यावा आणि हातात बळ आले की दगड द्यावा. मऊ आधी, कठीण नंतर. ओझे पायरीपायरीने वाढवावे. आजचे फिजिओथेरपिस्टही हेच सांगतात.

चोळण्याचा धोका

हात चालेना तेव्हा शेजाऱ्यांनी तात्यांना सल्ला दिला होता, "गरम तेलानं जोरात चोळा. कुणी तरी धरून हात खेचा. एकदा कट्‌ वाजलं की मोकळा होईल."

असे कधी करू नका. जोराने ओढले तर नुकते जुळलेले हाड पुन्हा हलते. आखडलेला सांधा आतून फाटतो आणि त्यावर जास्त सूज येते. कोपराला मार लागला असेल तर फारच जपायला हवे. कोपर जोरजोराने चोळले की तिथल्या मांसात हाड धरू लागते. मग कोपर कायमचे जखडते. लहान मुलांच्या कोपराचे असे नुकसान फार होते. कातडीला हलके तेल लावायला हरकत नाही. पण मालीश म्हणजे सांधा मोडणे नव्हे.

घट्ट बांधलेला हात

आता एक गोष्ट सांगतो, ती घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. कारण इथे एका रात्रीत हात जातो.

मूल झाडावरून पडते. कोपराजवळ हाड मोडते. कुणी तरी बांबूच्या कामट्या लावून हात करकचून बांधतो. बांधणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मोडलेल्या जागी सूज चढत असते. बाहेर बांधलेले, आत सूज. मग मधल्या मांसाला रक्त मिळत नाही. पाच-सहा तास रक्त मिळाले नाही तर मांस मरू लागते. मेलेले मांस आखडते आणि बोटे पक्ष्याच्या नखांसारखी वळून बसतात. जर्मनीतले शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ साली या दुखण्याची माहिती लिहिली. हे दुखणे एकदा झाले की हात पुरता पहिल्यासारखा होत नाही.

दवाखान्यातल्या प्लास्टरमध्येही असे होऊ शकते. म्हणून पुढच्या खुणा ओळखा.

बांधल्यावर दुखणे कमी व्हायला हवे. ते वाढतच चालले, औषधानेही थांबेना. बोट सरळ करू गेले की मूल किंचाळते. बोटे फुगली, गार पडली, पांढरी किंवा निळी झाली. बोटांना मुंग्या आल्या, बधिरपणा आला. बोटे हलवता येईनात.

यांतली एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नका. कामट्या बांधल्या असतील तर लगेच सोडा. प्लास्टर असेल तर त्याच रात्री दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ नंबरला फोन करा. "रडतंय, झोपेल आता," असे म्हणू नका. ते मूल हट्टाने रडत नाही. त्याचा हात मदत मागत असतो.

मज्जातंतूला मार

आपण शीर दुखावली म्हणतो. पण शिरा दोन तऱ्हेच्या समजा. एक रक्ताची नळी. दुसरा मज्जातंतू. मज्जातंतू म्हणजे विजेच्या तारेसारखा. मेंदूचा हुकूम तो स्नायूला पोचवतो आणि कातडीची खबर मेंदूला देतो. तार तुटली की दिवा विझतो. तसे स्नायू चांगला असूनही हलत नाही.

दंडाचे हाड मोडले तर कधी कधी त्याला चिकटून जाणारा मज्जातंतू दुखावतो. मग मनगट लोंबते. वर उचलता येत नाही. पायाचेही तसेच. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचे एक टोक हाताला लागते. त्याला वळसा घालून एक मज्जातंतू जातो. तो अगदी कातडीखाली असतो. खुरपणीला तासन्‌तास उकिडवे बसले की तो दबतो. कधी कधी उठल्यावर पाऊल लोंबते, चप्पल घसटते. लोकांना वाटते, वारं गेलं. पण दाब काढला, तसे बसणे बंद केले, तर हे पाऊल बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. तरी डॉक्टरला दाखवा. आणि खुरपताना अधूनमधून उठून उभे राहायची सवय ठेवा.

मज्जातंतू आतून तुटला आणि पुन्हा वाढू लागला, तर तो दिवसाला सुमारे एक मिलीमीटर वाढतो. म्हणजे महिन्याला साधारण एक इंच. दंडापासून मनगट उचलणाऱ्या स्नायूंपर्यंत पोचायला कित्येक महिने लागतात. तेवढा काळ धीर धरावा लागतो. पण नुसते बसून राहायचे नाही. मनगट लोंबू नये म्हणून खालून आधाराची पट्टी बांधतात. दुसऱ्या हाताने सगळे सांधे रोज हलवायचे. नाही तर तार जुळेल तेव्हा सांधा गंजलेला असेल. बधिर जागेला जपायचे. चुलीवरचे भांडे, गरम चहाचा पेला, बिडीचा चटका हे त्या हाताला कळत नाही. ते डोळ्यांनी पाहून सांभाळायचे. काही वेळा शस्त्रक्रियाही करावी लागते. ती फार उशिरा केली तर उपयोग होत नाही. म्हणून डॉक्टरांनी बोलावलेली तारीख चुकवू नका.

तात्यांचे पुढे काय झाले?

तात्यांनी म्हैस विकली नाही. काही दिवस काकूंनी आणि मुलाने धार काढली. तात्या रोज भिंतीवर खूण करत राहिले. कोळशाच्या खुणा वर वर चढत गेल्या. ताईंच्या कागदावर २० अंशांचे ३० झाले, मग ४५, मग ६०. जोर चौथ्या पायरीवर आला.

तीन महिन्यांनी एका पहाटे तात्या स्वतःच बादली घेऊन गोठ्यात गेले. पहिली धार बादलीत वाजली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

तात्यांचे मनगट आजही थोडे कमी वळते. थंडीत जरा ठणकते. पण पटका ते स्वतः बांधतात. आता गावात कुणाला प्लास्टर घातले की तात्या त्याच्या घरी जातात. प्रकृती विचारतात आणि लगेच म्हणतात, "बोटं हलवून दाखव बरं!"

लक्षात ठेवा

१. हाड निसर्ग जुळवतो. हात मात्र आपल्याला चालवावा लागतो.
२. प्लास्टर असताना मोकळे सांधे रोज हलवा. हात छातीपेक्षा उंच ठेवला की सूज उतरते.
३. मोडलेला अवयव जोराने चोळू नका, खेचू नका.
४. बांधल्यावर दुखणे वाढले, बोटे गार किंवा बधिर झाली, तर त्याच वेळी दवाखाना गाठा.
५. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपीची चौकशी करा.

विचार करा आणि सांगा

१. तात्यांनी डॉक्टरांची कोणती गोष्ट ऐकली नाही? त्यामुळे काय झाले?
२. कलम बांधणे आणि प्लास्टर घालणे यांत सारखे काय आहे?
३. तुमच्या गावात हात किंवा पाय आखडलेले कुणी आहे काय? त्यांना हा पाठ वाचून दाखवा.